बिलावर २ टक्के ‘बँक चार्ज’: हॉटेलात कार्ड स्वाइप केल्यावर पैसे नेमके कुणाच्या खिशातून जातात?

समजा, रविवारची रात्र आहे. सोलापुरात होटगी रोडवरच्या एखाद्या फॅमिली हॉटेलात सहा जणांचं जेवण झालं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दोन-तीन भाज्या, शेवटी आइस्क्रीम. जेवणाचे ३,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे १५०, असं ३,१५० रुपयांचं बिल टेबलावर आलं. तुम्ही क्रेडिट कार्ड पुढे केलं आणि वेटर जरा अवघडून म्हणाला, “साहेब, कार्डावर दोन टक्के जास्त लागतात. स्कॅन करा ना, नाहीतर कॅश द्या.”

अशा वेळी गिऱ्हाईक दोनपैकी एक गोष्ट करतं. मुकाट्याने ६३ रुपये जास्त देतं, नाहीतर गल्ल्यावर जाऊन वाद घालतं. दोन्हीकडे चिडचिड होते. गिऱ्हाइकाला वाटतं हॉटेलवाला लुटतोय, आणि हॉटेलमालकाला वाटतं बँक लुटतेय, आपण फक्त बँकेचं बँकेला देतोय.

दोघांचंही थोडं खरं आहे आणि थोडं चूक. हे समजून घ्यायचं तर या ३,१५० रुपयांचा हिशोब शेवटपर्यंत लावावा लागेल. तो लावला की एक गोष्ट दिसते जी सहसा कुणी बोलत नाही: हॉटेलचा कार्डावरचा तोटा २ टक्क्यांपेक्षा जास्त असतो, आणि बिलावर २ टक्के लावून तो भरूनही निघत नाही.

कार्ड घासल्यावर काय होतं?

कार्डाने पैसे घेतल्याबद्दल दुकानदाराला जे शुल्क द्यावं लागतं त्याला ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ म्हणजेच एमडीआर म्हणतात. हे शुल्क गिऱ्हाइकाकडून नव्हे, दुकानदाराच्या जमा होणाऱ्या रकमेतून कापलं जातं. बिल ३,१५० चं असलं तरी हॉटेलच्या खात्यात तेवढे येत नाहीत.

या कापलेल्या पैशांचे तीन वाटेकरी असतात. सगळ्यात मोठा वाटा तुमचं कार्ड ज्या बँकेने दिलं तिला जातो. छोटा वाटा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या नेटवर्कला. उरलेला ज्या बँकेने किंवा पेमेंट कंपनीने हॉटेलात स्वाइप मशीन बसवलं तिला. तुमच्या कार्डावर जे रिवॉर्ड पॉइंट जमतात, विमानतळाच्या लाउंजमध्ये जो फुकट चहा मिळतो, त्याचा बराचसा खर्च याच पहिल्या वाट्यातून निघतो. म्हणजे पॉइंट देते बँक, पण पैसे भरतं हॉटेल.

क्रेडिट कार्डावरचा एमडीआर साधारण दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असतो. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेली कार्डं, महागडी प्रीमियम कार्डं आणि परदेशी कार्डं यांचा दर जास्त. मशीनचं महिन्याचं भाडं वेगळं.

आता आपल्या बिलाकडे येऊ. दर २ टक्के धरू.

एमडीआर फक्त जेवणाच्या ३,००० रुपयांवर लागत नाही, तो कार्डावर घासलेल्या पूर्ण ३,१५० वर लागतो. म्हणजे सरकारच्या जीएसटीचे जे १५० रुपये हॉटेल फक्त गोळा करून पुढे भरणार आहे, त्यावरही कमिशन कापलं जातं. ३,१५० चे २ टक्के झाले ६३ रुपये.

या ६३ रुपयांवर परत १८ टक्के जीएसटी, कारण बँकेची सेवा ही करपात्र सेवा आहे. तो झाला ११ रुपये ३४ पैसे. एकूण कापले ७४ रुपये ३४ पैसे.

हॉटेलच्या खात्यात आले ३,०७५ रुपये ६६ पैसे. त्यातून जीएसटीचे १५० सरकारला पूर्णच्या पूर्ण भरायचे. हातात राहिले २,९२५ रुपये ६६ पैसे. ३,००० च्या विक्रीवर ७४ रुपये ३४ पैसे गेले, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के.

आणि हे अडीच टक्के विक्रीवरचे आहेत, नफ्यावरचे नाहीत. भाडं, गॅस, पगार, तेल-डाळ जाऊन हॉटेलला समजा शंभरामागे दहा रुपये सुटत असतील, तर या बिलावर त्याला ३०० रुपये मिळणार होते. त्यातले ७४ गेले. नफ्याचा चौथा हिस्सा.

पण जीएसटीचे ११ रुपये परत मिळत नाहीत का?

हा प्रश्न कापड दुकानदाराने विचारला तर उत्तर ‘मिळतात’ असं आहे. नव्या पेठेतला नियमित जीएसटी भरणारा कापड व्यापारी बँकेच्या शुल्कावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेतो आणि स्वतःच्या करातून ते वजा करतो. त्याला दोन टक्के म्हणजे खरंच दोनच टक्के.

हॉटेलचं तसं नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटवरचा जीएसटी ५ टक्के झाला, पण त्याबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट काढून घेण्यात आलं. त्याआधी साध्या रेस्टॉरंटला १२ आणि वातानुकूलित रेस्टॉरंटला १८ टक्के कर होता, आणि क्रेडिट मिळत होतं. ग्राहकांनी ५ टक्क्यांचं स्वागत केलं, ते बरोबरच होतं. पण तेव्हापासून हॉटेलवाला भाड्यावर, एसीवर, मशीनच्या भाड्यावर आणि एमडीआरवर जो जीएसटी भरतो तो त्याच्या अंगावरच पडतो. मोठ्या तारांकित हॉटेलांतली, जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, अशी रेस्टॉरंट १८ टक्के लावतात आणि क्रेडिट घेतात. सोलापुरातल्या रोजच्या जेवणाच्या हॉटेलांशी त्याचा संबंध नाही.

इथे एक छोटी सूट आहे जी बऱ्याच हॉटेलमालकांना माहीतच नसते. एका व्यवहारात २,००० रुपयांपर्यंतचं कार्ड पेमेंट असेल, तर त्यावरच्या बँकेच्या शुल्काला जीएसटी माफ आहे. मशीन बँकेचं नसून पेमेंट अॅग्रिगेटर कंपनीचं असेल तर काय, यावर बराच काळ घोळ होता. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट झालं की रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या पेमेंट अॅग्रिगेटरनाही ही सूट लागू आहे. तेव्हा १,८९० रुपयांच्या बिलावर ३७ रुपये ८० पैसे कापले जायला हवेत, त्यावर एक पैसाही जास्त नाही. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये छोट्या बिलांवरही १८ टक्के दिसत असतील, तर ते का, हे विचारायला हरकत नाही.

मग बिलावर २ टक्के लावणं कायदेशीर आहे का?

याचं उत्तर कार्ड कोणतं आहे यावर ठरतं. अडचण अशी की गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सगळी कार्डं सारखीच दिसतात आणि तो सगळ्यांना तोच दर सांगतो.

डेबिट कार्ड असेल तर मुद्दा स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की दुकानदारांनी डेबिट कार्डावर जादा शुल्क लावणं बँक आणि दुकानदार यांच्यातल्या कराराप्रमाणे चालत नाही, आणि असं करणाऱ्यांशी बँकेने संबंध तोडायला हवेत. पुढे ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात, डेबिट कार्डाचा एमडीआर दुकानदार ग्राहकावर टाकणार नाहीत याची खबरदारी बँकांनी घ्यावी, असं पुन्हा सांगितलं.

त्याच परिपत्रकाने डेबिट कार्डाच्या एमडीआरला मर्यादा घातली, ती १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, बाकीच्यांना ०.९० टक्के. क्यूआर कोडवर घेतलं तर आणखी ०.१० टक्का कमी.

२० लाख ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण ३६५ दिवसांनी भागलं तर रोजचा गल्ला साधारण ५,५०० रुपये. चहाची टपरी किंवा छोटी खानावळ यात बसेल. दहा टेबलांचं, दोन वेळा भरणारं हॉटेल नाही बसणार. त्यामुळे सोलापुरातल्या बहुतेक फॅमिली हॉटेलांनी ०.९० टक्के हाच दर धरून चालावं.

आता आपलं ३,१५० चं बिल डेबिट कार्डाने दिलं तर? ०.९० टक्क्याने २८ रुपये ३५ पैसे, वर जीएसटी, एकूण साडेतेहतीस रुपयांच्या आत. हॉटेलने मात्र ‘बँक चार्ज’ म्हणून ६३ घेतले. म्हणजे इथे बँकेचं बँकेला देणं राहिलं बाजूला, जवळपास तीस रुपये हॉटेलच्या गल्ल्यात राहिले. आणि कार्ड रुपे डेबिट असेल तर? १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचा एमडीआर शून्य आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात कलम १०ए घालून बँकांना यावर पैसे देणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून, सरळ किंवा आडवळणाने, शुल्क घ्यायला मनाई केली आहे. तिथे लावलेले ६३ रुपये कशाचेच नाहीत.

जनधन खात्यांबरोबर मिळालेली बहुतेक कार्डं रुपे डेबिटच आहेत, हे इथे लक्षात घ्या. म्हणजे सरसकट दोन टक्के लावले की ज्याच्या कार्डाचा हॉटेलला काहीच खर्च येत नाही, त्याच गिऱ्हाइकाकडून सगळ्यात जास्त उकळलं जातं.

क्रेडिट कार्डाची गोष्ट इतकी सरळ नाही. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही, तो बाजारात ठरतो. ग्राहकावर टाकू नका हा थेट शब्दांतला आदेशही डेबिट कार्डाबद्दलचा आहे. क्रेडिट कार्डावर हॉटेलला रोखतो तो त्याचा स्वतःचा करार. मशीन घेताना ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यात बहुतेक वेळा एक कलम असतं की कार्डाने पैसे देणाऱ्याकडून जास्त रक्कम घेणार नाही. तो कागद कुणी वाचत नाही, हे वेगळं. कलम मोडलं म्हणून पोलीस येत नाहीत, पण तक्रार झाली तर बँक मशीन काढून नेऊ शकते.

“मग पेट्रोलवर कार्ड घासलं की सरचार्ज लागतोच की,” असं हॉटेलमालक म्हणतात. तो सरचार्ज पंपवाला लावत नाही, कार्ड देणारी बँक लावते, आणि पुष्कळ कार्डांवर परतही करते. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे गोंधळ होतो.

दोन टक्के लावूनही तोटाच

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ज्याने क्रेडिट कार्डावर २ टक्के लावले, त्याचा तरी तोटा भरून निघतो का?

३,१५० अधिक ६३, म्हणजे ३,२१३ रुपये कार्डावर घासले. आता बँकेचे २ टक्के या नव्या रकमेवर: ६४ रुपये २६ पैसे. त्यावर जीएसटी ११ रुपये ५७ पैसे. एकूण ७५ रुपये ८३ पैसे कापले. गिऱ्हाइकाकडून घेतले ६३. हॉटेलचे जवळपास तेरा रुपये तरीही गेले, आणि गिऱ्हाईक नाराज झालं ते वेगळंच.

शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाकडून घेतलेले असे आनुषंगिक खर्च विक्रीच्या किमतीतच धरायचे असतात. म्हणजे त्या ६३ रुपयांवरही ५ टक्के कर लागतो. कोऱ्या कागदावर आकडा खरडून घेतलेला ‘बँक चार्ज’ बिलात दाखवलाच नाही, तर तो बिलाबाहेरचा व्यवहार झाला. तपासणीत ते महागात पडतं.

हा वाद नवा नाही

नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला देशभरातल्या पेट्रोलपंप मालकांच्या संघटनेने एका रात्रीत जाहीर केलं की उद्यापासून कार्ड घेणार नाही. बँकांनी त्यांना क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांवर १ टक्का शुल्क लावायचं कळवलं होतं. पंपाचं कमिशन लिटरमागे ठरलेलं, भाव सरकारी कंपन्या ठरवतात, तेव्हा हा टक्का काढायचा कुठून, असा त्यांचा सवाल होता. लोकांच्या हातात रोख नव्हती आणि कार्डही चालणार नाही म्हटल्यावर गडबड उडाली. संघटनेने निर्णय पुढे ढकलला आणि शेवटी सरकारला सांगावं लागलं की हा भार ग्राहकावरही पडणार नाही आणि पंपमालकावरही नाही.

पंपमालकांची बाजू मजबूत होती कारण ते संघटित होते आणि त्यांच्याशिवाय गाडी हलत नाही. हॉटेलांचं तसं नाही. एका हॉटेलने कार्ड बंद केलं तर गिऱ्हाईक पुढच्या हॉटेलात जाईल.

सोलापुरात हे जास्त जाणवतं. इथलं रोजचं गिऱ्हाईक आता स्कॅन करतं किंवा रोख देतं. कार्ड काढतो तो बऱ्याचदा बाहेरचा: पुण्याहून हैदराबादला निघालेला, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करायला कुटुंब घेऊन आलेला, कंपनीच्या कामाला आलेला. त्याचं बिल मोठं असतं आणि तो परत येईलच असं नाही. त्याच्याशी दोन टक्क्यांवरून वाद घालणं हॉटेलला सोपं वाटतं. पण इंटरनेटवर एक तारा देऊन परीक्षण लिहिणाराही तोच असतो.

बाहेरच्या देशांनी काय केलं?

जगात यावर एकमत नाही. युरोपीय संघाने आधी बँकांच्या वाट्यालाच कात्री लावली. डिसेंबर २०१५ पासून कार्ड देणाऱ्या बँकेला मिळणारं शुल्क डेबिटवर ०.२ आणि क्रेडिटवर ०.३ टक्क्यापर्यंत मर्यादित केलं. आणि मग १३ जानेवारी २०१८ पासून साध्या ग्राहकांच्या कार्डांवर सरचार्ज लावायला बंदी घातली. आधी दुकानदाराचा खर्च कमी केला, नंतर त्याला सांगितलं की आता ग्राहकावर टाकू नकोस. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे डेबिट कार्डाबाबत साधारण असंच झालं, क्रेडिट कार्डाबाबत नाही.

अमेरिकेत उलटं. व्हिसा-मास्टरकार्ड आणि व्यापारी यांच्यातल्या तडजोडीनंतर जानेवारी २०१३ पासून क्रेडिट कार्डावर सरचार्ज लावायची मुभा मिळाली, पण काही राज्यांच्या कायद्यांत बंदी होती. न्यूयॉर्कमधलं एक सलून आणि एक आइस्क्रीम-सोडा पार्लर यांच्यासह काही व्यावसायिक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं होतं, रोख देणाऱ्याला ‘सूट’ म्हटलं तर चालतं आणि कार्डवाल्याला ‘जादा’ म्हटलं तर गुन्हा, हे कसं? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की हा कायदा भाव किती असावा यापेक्षा भाव कोणत्या शब्दांत सांगावा यावर बंधन घालतो. ऑस्ट्रेलियाने २००३ पासून सरचार्ज खुला ठेवला होता. जुलै २०२५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने तो काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला.

सर्व्हिस चार्ज आणि हा चार्ज एकच का?

नाही, पण बिलाच्या तळाशी दोन्ही शेजारी येतात म्हणून लोक एकच समजतात. सर्व्हिस चार्ज म्हणजे हॉटेलने स्वतःहून बिलात घातलेली टीप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढून तो सक्तीने लावायला मनाई केली. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, सूचनांना स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सूचना योग्य ठरवत संघटनांच्या याचिका फेटाळल्या. त्या निकालात कार्डाच्या शुल्काचा प्रश्न नव्हता. पण मेनूवर छापलेल्या भावाच्या वर, ग्राहकाला निवड न देता काही वसूल करणं कोर्टाला पटत नाही, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो.

क्यूआर कोड नेहमीच फुकट असतो, हा समज आता जुना झाला

वेटर ‘स्कॅन करा ना’ म्हणतो, कारण स्कॅन म्हणजे यूपीआय आणि यूपीआय म्हणजे शून्य खर्च, हे सगळ्यांना पाठ झालं आहे. बँक खात्यातून थेट जाणाऱ्या यूपीआयबद्दल ते आजही खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले, त्यात सोलापूरच्या पानपट्ट्यांपासून बाजार समितीपर्यंत सगळे आले.

पण सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक तोच क्यूआर स्कॅन करतं, तोच पिन टाकतं, काउंटरवरचा स्पीकर तशाच आवाजात ‘पैसे मिळाले’ म्हणतो. फक्त पैसे बँक खात्यातून न येता क्रेडिट कार्डातून आलेले असतात, आणि त्यावर एमडीआर लागू शकतो. छोट्या दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांवर शुल्क नाही. त्यापलीकडे आहे. मोबाइल वॉलेटमधून यूपीआयने आलेल्या २,००० रुपयांवरच्या पेमेंटवरही १ एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज शुल्क लागतं, ते व्यवसायाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं.

म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाला आता कार्ड दिसतच नाही. दोन टक्के मागायचे तर कुणाकडे मागणार? गिऱ्हाईक निघून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम कमी जमा झाल्यावर कळणार. सरचार्ज लावून प्रश्न सोडवण्याची पद्धत यापुढे कायद्यामुळे नव्हे, तंत्रामुळेच निकामी होत चालली आहे.

आणि साध्या यूपीआयवरही एमडीआर येणार, अशी आवई अधूनमधून उठते. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने ती साफ फेटाळली. पण यंत्रणा चालवायला खर्च येतो आणि तो कुणीतरी उचलावाच लागतो, हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही बोलून दाखवलं आहे. सध्या तो काही प्रमाणात सरकार उचलतं: छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांवर ०.१५ टक्का प्रोत्साहन देण्यासाठी २०२४-२५ करता १,५०० कोटींची योजना मंजूर झाली होती.

हॉटेलमालकाने मग करायचं काय?

सगळ्यात आधी महिन्याचं स्टेटमेंट मागवायचं, ज्यात रुपे डेबिट, इतर डेबिट, साधं क्रेडिट, प्रीमियम क्रेडिट, यूपीआयवरचं क्रेडिट असं वेगवेगळं दिसेल. पुष्कळ ठिकाणी मशीन बसवणारा माणूस ‘सगळ्याला एकच रेट’ असं सांगून जातो आणि मालकालाही ते सोपं वाटतं. डेबिट कार्डावर ०.९० च्या वर किंवा रुपे डेबिटवर एक पैसाही कापला जात असेल, तर तो सौद्याचा भाग नाही, चूक आहे. लेखी तक्रार करून परत मागायची.

क्रेडिटचा दर मात्र सौद्यानेच ठरतो. तुमचा महिन्याचा कार्डाचा धंदा किती, सरासरी बिल किती, हे आकडे हातात असतील तर दुसऱ्या बँकेचा दर मागवता येतो. शेजारच्या चार हॉटेलवाल्यांनी मिळून मागितला तर आणखी बरं.

आणि मुख्य म्हणजे भावाचा हिशोब. समजा हॉटेलची महिन्याची विक्री ६ लाख आहे आणि त्यातली पाचवा हिस्सा, म्हणजे १ लाख २० हजारांची, क्रेडिट कार्डावर होते. अडीच टक्क्यांनी खर्च झाला ३,००० रुपये. ६ लाखांवर हे अर्धा टक्का होतात. २०० रुपयांच्या थाळीमागे एक रुपया! तो भावात धरला तर बिलावर वेगळी ओळ नको, वेटरचं अवघडणं नको, करार मोडणं नको.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रोख देणारा रिक्षावाला आणि पॉइंट गोळा करणारा कार्डवाला दोघे तोच एक रुपया भरतात. म्हणजे ज्याच्याकडे कार्ड नाही तो ज्याच्याकडे आहे त्याच्या पॉइंटचा खर्च उचलतो. हे अन्यायाचं आहेच. पण तो अन्याय हॉटेलच्या गल्ल्यावर सुटणारा नाही, तो क्रेडिट कार्डाच्या दराला मर्यादा घातली तर सुटेल, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या हातात आहे. हॉटेलला फार तर उलट्या बाजूने जाता येईल: भाव एकच ठेवून रोख किंवा यूपीआयवाल्याला थोडी सूट द्यायची आणि ती बिलावर छापायची. बिलावरच दाखवलेली सूट जीएसटीच्या हिशोबात किमतीतून वजा होते. फक्त आपल्या मशीनच्या करारात यावर काही अट नाही ना, ते बघून घ्यावं.

‘कॅशच द्या’ हा मार्ग मात्र वाटतो तितका सोपा नाही. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर उतरवून ‘फक्त रोख’ असे फलक लावले. रोखीने कर चुकत नाही, फक्त पावती दिसत नाही, आणि संशय मात्र वाढतो. हॉटेलसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, आणि दीड कोटींपर्यंत कंपोझिशन योजनेत ५ टक्के भरून मोकळं होता येतं. ते ५ टक्के गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायचे नसतात, एवढंच.

आणि गिऱ्हाइकाने?

दोन टक्के मागितले तर आधी कार्ड कोणतं ते सांगा. डेबिट असेल, विशेषतः रुपे, तर यावर हॉटेलला परवानगी नाही हे शांतपणे सांगता येतं. पुष्कळदा गल्ल्यावर बसलेल्या मुलाला फरकच माहीत नसतो, मालक आला की विषय मिटतो. क्रेडिट असेल तर जादा रक्कम छापील बिलात वेगळी दाखवायला सांगा. ती छापायला नकार मिळाला तर बाकीचं तुम्हाला कळेलच. पैसे दिलेच तर बिल आणि मशीनमधून आलेली चिठ्ठी दोन्ही ठेवा. चिठ्ठीवर मशीन कोणत्या बँकेचं किंवा कंपनीचं ते लिहिलेलं असतं, आणि हॉटेलवर लगाम असलाच तर तो तिच्याच हातात आहे, त्यामुळे पहिली तक्रार तिच्याकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, पण ६३ रुपयांसाठी तिथपर्यंत कुणी जात नाही, आणि हे गल्ल्यावरच्या माणसालाही ठाऊक असतं.